फिलूमावशीने बघितलेला समुद्र

पाठीवर घ्यायची सॅक डोक्यावर घेऊन सह्याद्रीत शिरलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. सॅक चांगली भारीतली होती. कमरेला पट्टा, छातीला पट्टा, बाटलीला वेगळा कप्पा, वर एक शिट्टीसुद्धा लटकत होती. फिलूमावशीने ते सगळे पट्टे गोळा करून आत कोंबले, जुन्या लुगड्याची चुंबळ डोक्यावर ठेवली, तिच्यावर सॅक आडवी टाकली आणि दोन्ही हात मोकळे सोडून वाळूतून चालायला लागली. आमची लीडर सायली हिमालयात माणसं नेऊन आणणारी पोरगी, पण तीही तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"मावशी, सॅक पाठीवर घ्यायची असते."

"पाठीवर गाढव घेतो," मावशी म्हणाली. "माणूस डोक्यावर घेतो."

फिलूमावशी म्हणजे उत्तनच्या बाजूला चौक गाव आहे, तिथली फिलोमिना. वीस वर्षं ती भाईंदरमध्ये गोडदेवला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासे विकायला बसते. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून मला "टीचर" म्हणते आणि वर्गातल्या पोरीला दटावावं तसं दटावते. तिचं सगळं जग वजनात चालतं. तराजू आहे तिच्याकडे, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तिचा खरा काटा हातात आहे. एकदा माझ्या हातातली भाजीची पिशवी तिने नुसती उचलून परत दिली आणि म्हणाली, "कांदेवाल्यानं पावशेर मारला तुझा." मी तावातावाने जाऊन कांदेवाल्याशी हिंदीत भांडले, आणि त्याने मान खाली घालून पावशेर कांदे पिशवीत टाकले. शेजारणीचं बाळ हातात घेऊन तिने वजन सांगितलं, ते दवाखान्याच्या कार्डाशी जुळलं. हुज्जत घालणाऱ्याला तिचं एकच उत्तर, "बोलू नको, उचल."

माणसांनाही ती असंच तोलते. आमच्या ह्यांना एकदा नुसतं बघून म्हणाली, "हलका हाय." ह्यांचं वजन ब्याण्णव किलो. दोन दिवस माणूस धड जेवला नाही.

तर झालं असं, की ह्या हलक्या माणसाने हौसेने पाच दिवसांच्या पायी सहलीत आमची दोघांची नावं घातली. गुहागरच्या खालचा किनारा, मग डोंगराच्या कुशीतलं सदाहरित जंगल, शेवटी घाटमाथ्यावरचा डोंगर. तंबू त्यांचे, जेवण त्यांचं, लीडर त्यांची, पाय तेवढे आपले. मी महिनाभर जिने चढून सराव केला. आणि निघायच्या आठ दिवस आधी ह्यांच्या ऑफिसात ऑडिट लागलं. मी चिडून बोंबील घेता घेता मावशीसमोर सगळा राग ओकले आणि मोबाइलवर त्या डोंगराचा फोटो दाखवला. "बघ, इथे जायचं होतं."

मावशीने हात पुसले, मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग म्हणाली, "हा फोटो आमच्या म्हाताऱ्याला धाड."

म्हातारा म्हणजे इनासकाका, तिचा नवरा. चाळीस वर्षं माणूस समुद्रावर. मोसमात त्याची होडी आठ-आठ दिवस खाली त्या किनाऱ्यापर्यंत जायची. खोल पाण्यात जागा ओळखायची त्यांची जुनी रीत अशी, की किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचा शेंडा एका रेषेत आला की तिथे जाळं टाकायचं. तो मागचा डोंगर हाच. इनासकाकाने त्याचं नाव ठेवलं होतं टोपीवाला. दोन वर्षांपूर्वी काकाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. होडी विकली. तेव्हापासून तो दारात खुर्ची टाकून बसतो आणि कोणाकडे काही मागत नाही. चहासुद्धा मागत नाही, समोर आला तर पितो.

दुसऱ्या दिवशी मावशी टोपली टेकवायच्या आधीच म्हणाली, "टीचर, तुझ्या नवऱ्याच्या जागेवर मी येते."

"अगं मावशी, पाच दिवस चालायचंय."

"चौकवरून भाईंदरला टोपली घेऊन चालत यायची मी, तवा बस न्हवती." मग आवाज खाली आणून म्हणाली, "म्हाताऱ्यानं फोटो बघून टोपीवाला म्हटलं. एकदम साफ बोलला. म्हणतो, मी त्याला खालून बघितला चाळीस वरसं. तो मला वरून कसा बघायचा, ते बघून ये. दोन वरसांत पहिल्यांदा कायतरी मागितलं त्यानं."

आता ह्यावर नाही कोण म्हणणार? मी एका पायावर तयार झाले. ह्यांची कोरी सॅक मावशीला दिली आणि ह्यांच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही.

किनाऱ्यावरचे दोन दिवस मावशीचेच होते. सुनेच्या ट्रॅक पँटवर फुलाफुलांचा झगा, डोक्यावर सॅक, आणि तोंडाचा पट्टा चालू. वाटेत भेटेल त्या कोळणीला भाव विचारायचा आणि "एवढ्याला? आमच्या चौकला ये" असं आमंत्रण द्यायचं. पहिल्या संध्याकाळी तळावर तिने सगळ्यांच्या सॅका एकेक करून उचलल्या आणि निकाल सांगितले. मीरा रोडचे जिग्नेशभाई, होजिअरीचं दुकान, पहिल्यांदाच चालायला आलेले. त्यांची सॅक उचलून ती थांबली.

"जिग्नेसभाय, साडेदस किलो हाय. इसमे दो किलो तो खाली खाकरा हाय."

"नहीं मौसी, दो-चार पॅकेट होंगे."

"बोलो मत, निकालो."

अकरा पाकिटं निघाली. सायलीने तिच्या लटकत्या काट्याला सॅक अडकवली, साडेदहा भरली. त्या दिवसापासून सायली काटा बाहेर काढेना, "मावशी, जरा बघा ना" म्हणायला लागली. मावशीच्या सॅकेत सुकटीचा डबा होता, त्याच्या वासाने दोन गावांची कुत्री आमच्या मागे चालत होती. जिग्नेशभाई शाकाहारी माणूस, नाकाला रुमाल लावून कुत्र्यांच्या पुढे चालत होते. मी इतकी हसले की पायांच्या पोटऱ्यांपेक्षा पोट जास्त दुखलं.

मग जंगल लागलं. मी नकाशात वाचलं होतं, पण आत शिरल्यावर बोलतीच बंद झाली. भर दुपारी हिरवा अंधार. झाडाला वेल, वेलीला शेवाळ, शेवाळातून पाणी ठिबकतंय. डोक्यावरून धनेशाची जोडी गेली तर पंखांचा आवाज झाडाझाडातून घुमत गेला. शेकरू दिसल्यावर मी पंचावन्नाव्या वर्षी लहान पोरीसारखी उडी मारली आणि सायलीचा ओरडा खाल्ला. मावशी मात्र गप्प झाली. सारखी झाडं बघायची आणि मध्येच विचारायची, "समुद्र कुठल्या अंगाला?" सायलीने हात दाखवला की मान हलवून पुढे. जन्मात पहिल्यांदा तिला समुद्र कुठे आहे ते कळत नव्हतं.

"एवढी झाडं," रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "आणि कोणीच लावली न्हाईत?"

चौथ्या दिवशी संध्याकाळी सायलीने आम्हाला गोल बसवलं. उद्या शेवटची चढण, अरुंद वाट, वर कातळ, एका जागी दोर. मग मावशीकडे वळून म्हणाली, "मावशी, उद्या डोक्यावर सॅक चालणार नाही. पाठीवर घ्या, नाहीतर जीपने या." जीप डोंगराला वळसा घालून पलीकडच्या गावात जाणार होती. टोपीवाल्यावर जीप जात नाही. मावशी भांडली नाही, नुसती हूं म्हणाली. वीस वर्षांत ती भांडली नाही असं मी पहिल्यांदा बघितलं.

सकाळी तिने सॅक पाठीवर घेतली. दहा पावलं गेली आणि मागे झुकत झुकत चक्क खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. सायली मनाने चांगली हो. तिने स्वतःच मावशीची सॅक उचलली. "मी घेते. तुम्ही रिकाम्या चला." वाटलं, चला, सुटलो.

कसले सुटतोय. रिकामी मावशी आणखीच बिघडली. एक पाऊल इकडे, एक तिकडे, हात हवेत, मान कुठे ठेवावी कळेना. सपाट पायवाटेवर ती दोनदा झाडाला धरून उभी राहिली. "डोक्यावर कायच न्हाय तर पाय कुठं टाकू समजत न्हाय गं बाय," ती रडवेली होऊन म्हणाली. बरोबरच होतं तिचं. वयाच्या दहाव्या वर्षापासून डोक्यावर टोपली. वजन असलं की तिची पाठ सरळ, पाय सरळ. सायलीने जीपवाल्याला फोन करायला मोबाइल काढला, आणि माझं डोकं सणकलं.

"अगं, मग दोन किलो ठेव ना तिच्या डोक्यावर," मी ओरडलेच. "काहीही ठेव."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. जिग्नेशभाईंनी सॅक उघडली आणि खाकऱ्याची पिशवी बाहेर काढली. "मौसी, ये लो. टूट गया तो भी चलेगा."

मावशीने पिशवी हातात तोलली. "पावणेदोन," म्हणाली. "रस्त्यात खाल्ला काय?" चुंबळ ठेवली, वर पिशवी ठेवली, आणि बाई ताठ. जशी काय किल्ली दिली. सायलीने तिला पन्नास पावलं चालवून बघितलं, मग मोबाइल खिशात टाकला. "दोराच्या जागी उतरवायची. आणि माझ्या पुढे चालायचं." दोराच्या जागी मावशी चारी हातापायांवर खेकड्यासारखी चढली, खालून सायली, वरून मी, आणि जिग्नेशभाई शेवटी पिशवी दातात धरून. वर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. मी मावशीला मिठी मारली. मला नाचावंसं वाटत होतं.

मग आम्ही पश्चिमेकडे बघितलं.

काही नव्हतं. खालचं जंगल थोडंसं दिसत होतं, त्यापुढे सगळं पांढुरकं. समुद्र नाही, किनारा नाही, आभाळ कुठे सुरू होतं तेही कळत नव्हतं. सायली म्हणाली, थांबू, निवळेल. पाऊण तास थांबलो. मावशी कडेच्या दगडावर बसून डोळे बारीक करून बघत होती. कोणी खाकराही खाईना. शेवटी सायली हळूच म्हणाली, "मावशी, निघायला हवं." मावशीने झग्याच्या खिशातून फोन काढला. रेंजची एक काडी होती. फोन स्पीकरवरच चालतो तिचा.

"पोचले रे," ती म्हणाली.

पलीकडून इनासकाकाचा जड आवाज. "दिसतो?"

मावशीने त्या पांढऱ्यात बघितलं. "दिसतो. सगळा दिसतो."

"होड्या?"

"सात. न्हाय, आठ. एक निळी हाय."

इनासकाकाची होडी निळी होती. आम्ही सगळे जमिनीकडे बघत उभे होतो.

"वारा कुठला?" काकाने विचारलं.

"वाराच न्हाय. पान हलत न्हाय."

"मग बरोबर," काका म्हणाला. "मग दिसणारच."

फोन ठेवून मावशी आमच्याकडे वळली. डोळे भरलेले आणि आवाज मासळीबाजारातला. "कोणी त्याला सांगितलं तर बघा." जिग्नेशभाईंनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि म्हणाले, "मौसी, हमने भी आठ ही गिना."

पुढच्या रविवारी मी फोटो घेऊन चौकला गेले. वरचे पांढरे फोटो आधीच काढून टाकले होते. इनासकाका दारात बसला होता. मावशी आत सुरमई तळत होती, तेलाचा आवाज बाहेर येत होता. काकाने डाव्या हाताने सगळे फोटो सरकवले. जंगल बघितलं, दोर बघितला, डोक्यावर खाकरा घेतलेली बायको बघून तोंडाच्या एका बाजूने हसला. मग मला जवळ बोलावलं.

"टीचर, वारा पडला की समुद्रावर धुरकं बसतं," तो सावकाश म्हणाला. "होडीतून डोंगर दिसत न्हाय. मग डोंगरावरून समुद्र कसा दिसंल?"

मी आत मावशीकडे बघितलं.

"तिला सांगू नको," तो म्हणाला. "पाच दिवस चालली ती माझ्यासाठी."

"काय बोलतोय म्हातारा?" मावशी आतून ओरडली.

"काय न्हाय," काकाने आवाज चढवला. "ती निळी होडी. तोंड कुठल्या अंगाला होतं तिचं? परत सांग टीचरला."

मावशी उलथनं हातात घेऊनच दारात आली. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.

"किनाऱ्याकडं," ती म्हणाली. "घरी येत होती."