बाराला पाणी येणार

पाण्याच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायचं नाही, असं शिवू छातीवर हात ठेवून सांगायचा. आणि ते काही खोटं नव्हतं! सोलापुरात नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, कधी सहाव्या. अशा गावात पाणी नेमकं कधी येणार हे ज्याला कळतं, त्याच्या शब्दाला केवढा मान! सात रस्ता चौकात शिवूचं झेरॉक्सचं दुकान होतं, पण खरी ख्याती होती ती 'पाणी आलं का' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणून. नळाला कान लावला, आतून सूं आवाज आला, की हा पठ्ठ्या मेसेज टाकायचा, "वीस मिनिटांत पाणी येणार." आणि यायचं! लोक जेवता जेवता उठून बादल्या लावायचे.

शिवूला न मानणारा अख्ख्या सोलापुरात एकच माणूस होता. त्याचा सासरा, ईश्वरप्पा.

ईश्वरप्पांकडे एक पांढरी गाडी होती. तीन वर्षं झाली घेऊन, तरी सीटवरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं. बसलं की कुरकुर आवाज व्हायचा आणि उन्हाळ्यात पाठ चिकटायची, पण काढायचं नाव नाही. ती गाडी त्यांनी सख्ख्या भावालाही कधी दिली नव्हती. पण दाक्षायणी त्यांची एकुलती एक लेक. लग्नाला अकरा वर्षं झाली, नवऱ्यानं अकरा वेळा "यंदा समुद्र दाखवतो" म्हटलं आणि अकरा वेळा काहीतरी आडवं आलं. यंदा ती बापासमोर जाऊन बसली.

"अप्पा, गाडी द्या. रत्नागिरीला जातो. मी जबाबदार."

ईश्वरप्पांनी किल्ली दिली, पण सोडली नाही. एक टोक त्यांच्या हातात, एक शिवूच्या.

"जावईबापू, एक ओरखडा नको. झाडाखाली लावू नका, पक्षी घाण करतात. भिंतीला चिकटून लावू नका. आणि येताना धुऊन आणा. गाडी नीट आली तर समजंन, पोरगी योग्य घरात दिली."

अकरा वर्षांनंतर निकाल लागायचा होता म्हणजे!

पोरांना आजोळी सोडून दोघं निघाले. मंगळवेढा, सांगोला, मिरज, आणि मुक्कामाला कोल्हापुरात मावशीकडे. दाक्षायणीनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही एवढं घेतलं होतं की वाटेत गाव बसवायचं असतं तरी पुरलं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आंबा घाट उतरताना ती खिडकीतून मान बाहेर काढून विचारत होती, "ओ, आला का समुद्र?"

"घाट हाय गं अजून!"

"आता?"

"दाक्षा, ते तळं हाय!"

आणि सकाळी आठला आला. ती नुसती शिवूचा दंड घट्ट धरून बसली, आणि त्याला गिअर टाकता येईना. लांबवर पाणी चमकत होतं आणि मध्ये ही एवढी मोठी सपाट, ओलसर, कडक वाळू!

"लांब दिसतोय की ओ," शेवटी ती म्हणाली.

"आटला असंल जरा," शिवू जाणकारासारखा म्हणाला. "मे महिना हाय. आपलं हिप्परग्याचं तळं बी आटतंयच की."

राहायची सोय किनाऱ्यालगत, चंद्रिकाकाकूंच्या घरी केली होती. पण तिकडे जाणारी पाणंद इतकी अरुंद, की दोन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या भिंती आरशाला चाटत होत्या. शिवूला घाम फुटला. ओरखडा! त्यानं गाडी मागे घेतली, इकडेतिकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. खाली वाळूचं मैदान अख्खं मोकळं! झाड नाही, पक्षी नाही, भिंत नाही. अशी जागा सोलापुरात कुणाच्या बापाला मिळणार नाही! मधोमध गाडी उभी केली आणि दोघं बॅगा घेऊन वर आले.

चंद्रिकाकाकू देवळात निघाल्या होत्या. हातात परडी, एक पाय उंबऱ्याबाहेर.

"लवकर आलात ते बरं झालं हो. आज पौर्णिमा. बाराला पाणी येणार."

शिवूचे कान टवकारले. परमुलखात आपल्या विषयातलं कुणी बोलावं! केवढा आनंद झाला त्याला.

"बारा म्हणजे बाराच? का मागं-पुढं?"

"अहो, अकरालाच वरपर्यंत चढतं. पौर्णिमेला जोर असतो ना!"

"चढतं? बिनमोटरीचं?"

"मोटर कशाला हवी?" काकू हसल्या. "आपोआप चढतं. खाली काय ठेवलं असेल ते आधी आवरून घ्या म्हणजे झालं."

"आणि किती वेळ असतंय?"

"सहा तास येतं, सहा तास जातं. रोज दोनदा."

"रोज! दोनदा!" शिवू पायरीवर बसलाच. आपल्याकडे पाचव्या दिवशी पाऊण तास, आणि हितं रोज दोनदा सहा-सहा तास, पौर्णिमेला जास्तीचं प्रेशर! काकू गेल्या तरी तो बसलेलाच.

"दाक्षा, ही माणसं पुण्यवान हायत गं."

दाक्षायणी मात्र पदर खोचून समुद्रावर निघाली होती.

"चला की ओ! अकरा वर्षं झाली!"

"अगं, समुद्र कुठं पळून जातोय? पाणी यायच्या वक्ताला घर सोडून जायचं?"

आता तुम्ही म्हणाल, ती भांडली असेल. छे! तीही सोलापूरचीच. पाणी येणार म्हटलं की बाई बाळंतपणातून उठून घागर शोधेल. तिनं एकदा समुद्राकडे बघितलं, एकदा नळाकडे, आणि नळाकडे वळली.

मग दोघांनी जे काम केलं, त्याला तोड नाही! अंगणातला नळ सोडून बघितला, तर धो धो पाणी.

"हे टाकीतलं शिळं," शिवूनं निकाल दिला. "ताजं बाराला."

ताजं येणार म्हटल्यावर शिळं ठेवायचं नाही, हा आपल्याकडचा नियम. काकूंचे दोन हंडे, कळशी, घंगाळ, पिंप, सगळं शिळं पाणी नारळाच्या आळ्यात ओतलं. भांडी घासली. कमी पडतील म्हणून स्वयंपाकघरातली पातेली, कुकर, इडलीचं भांडं बाहेर काढलं आणि नळापासून तुळशीपर्यंत रांग लावली. मागे डबे, शेवटी एक तांब्या. शिवूनं पोटरीपर्यंत पँट दुमडली आणि टॉवेल डोक्याला बांधला.

तेवढ्यात ईश्वरप्पांचा फोन. सकाळपासून चौथा.

"गाडी हेंग अद?" गाडीची चौकशी ते कानडीतच करायचे. माणसांची मराठीत.

"एकदम झकास, मामा! झाड न्हाई, भिंत न्हाई, चिमणी न्हाई! अशी जागा बघितली न्हाई कधी!"

"धुतली का?"

"आता बाराला पाणी येणार हाय, मामा. लई जोरात येतंय म्हणं. आज गाडी नुसती आंघोळ करणार बघा!"

"बरं," ईश्वरप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा माया आली. "हुशार हाय की तुमी."

शिवूनं फोन छातीशी धरला. हुशार! सासऱ्याच्या तोंडून!

पावणेअकराच्या सुमाराला आवाज सुरू झाला. आधी बारीक सूं, मग घों घों. शिवूनं नळाला कान लावला, डोळे मिटले.

"पाइपात हवा भरली! दाक्षा, तयार राहा! सहा इंची लाइन असणार, काय आवाज हाय!"

"ओ, पण आवाज नळातनं न्हाई, मागनं येतोय."

"मेन लाइन मागं असंल!"

दाक्षायणी घराच्या मागे गेली. मागच्या दाराबाहेर उतार, आणि उताराच्या खाली... मग तिची किंकाळी आली. भीतीच्या वेळी तिला मराठी सुचत नाही.

"री! नीरु बंतु री! नीरु बंतु!"

पाणी आलं! शिवूनं झटक्यात नळ पूर्ण सोडला. "पहिली बादली तूच लाव!"

"बादली न्हाई ओ! गाडी! अप्पांची गाडी!"

शिवू धावत मागे आला आणि बघतच राहिला. सकाळी फर्लांगभर लांब असलेला समुद्र थेट उताराशी आला होता. मैदान गायब! आणि पाण्याच्या मधोमध पांढरी गाडी, चाकं बुडालेली, एकेक लाट दारावर थाप मारत होती, घरात कुणी आहे का विचारल्यासारखी.

"अय्यो मामा!" म्हणत शिवू उतारावरून धावला. हातात बादली तशीच. गाडीपाशी पोचला, दार उघडलं, आणि आतलं पाणी बादलीनं बाहेर काढायला लागला. तो एक बादली काढायचा, लाट चार घालायची.

होड्या ओढायचा ट्रॅक्टर घेऊन चारपाच कोळी आले. एकानं दोर गाडीला बांधला आणि शिवूकडे बघितलं.

"दादा, राहू दे. बादलीनं समुद्र कमी नाय होत."

"आमाला म्हाईत नव्हतं हो!"

"काकूंनी सांगितलं नाय? बाराला पाणी येणार म्हणून?"

शिवूनं बादलीत बघितलं. "सांगितलं की," तो बारीक आवाजात म्हणाला. "मी... मी भांडी लावली होती."

कोळ्याला काही कळलं नाही, पण दाक्षायणीला कळलं. गुडघ्याच्या वर आलेल्या पाण्यात गाडीला मागून खांदा लावून ती ढकलत होती, आणि ढकलता ढकलता तिला असं हसू फुटलं की हात सुटून ती पाण्यात बसलीच. लाट डोक्यावरून गेली. वर आली ती ओरडतच, "ओ, खारट हाय! खरंच खारट हाय!" अकरा वर्षांनी समुद्र भेटला होता. बापाची गाडी बुडत होती आणि बाई नाचत होती!

गाडी निघाली. इंजिनापर्यंत पाणी गेलं नव्हतं, हे नशीब. सीट तर कोरड्या ठणठणीत! तीन वर्षं ज्या प्लॅस्टिकला शिवूनं शिव्या घातल्या, त्याला त्यानं हात जोडले. मेकॅनिकनं गाडी तीन दिवस ठेवून घेतली. तळातला गालिचा वाळवला आणि खारं राहू नये म्हणून कानाकोपरा गोड्या पाण्यानं तीन-तीनदा धुतला. ते तीन दिवस दाक्षायणी समुद्रातच होती. काकू मात्र रोज विचारत, "पण माझं इडलीचं भांडं अंगणात कशाला नेलं होतंत हो?" त्यांना नीट सांगायला कुणालाच जमलं नाही.

सोलापुरात ईश्वरप्पांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. वाकून चाकांच्या मागे बोट फिरवलं. बोट स्वच्छ! दार उघडलं, वास घेतला. उदबत्तीचा. एक ओरखडा नाही. त्यांनी शिवूच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"शोरूममधनं आणली तवा बी अशी नव्हती. जावईबापू, आमी तुमाला वळखलं न्हाई."

अकरा वर्षांचा निकाल लागला, आणि पहिल्या नंबरात!

"म्हणून ठरवलं," ईश्वरप्पा पुढे म्हणाले. "येत्या पौर्णिमेला तुमच्या सासूबाईंना घेऊन मी बी तितंच जाणार. गाडी बी तुमच्याच जागेवर लावणार. झाड न्हाई, भिंत न्हाई!"

दाक्षायणीला ठसका लागला. शिवूचा चेहरा पांढराफटक. नंबर गेला तर जाऊ दे, पण गाडी! त्यानं देवाचं नाव घेतलं आणि सगळं कबूल करायचं ठरवलं.

"मामा, खरं सांगतो. तितं गाडी नका लावू. मी लावली आणि... तितं बाराला पाणी येतंय, मामा! लई पाणी येतंय! गाडीच्या दारापर्यंत!"

ईश्वरप्पा खो खो हसले, आणि त्याची पाठ थोपटली.

"अहो, मग तितंच लावायची की!"