कनातीचं दुसरं टोक

गोदाबाई नसत्या तर मी आज हैदराबादेत नसते, हे आधी सांगते. कारण पुढचं सांगताना मला अजून धडकी भरते.

बीडच्या मुलींच्या मदरशात, म्हणजे निजाम सरकारच्या शाळेत, बाई कवायत शिकवायच्या. अंबाड्यात फुलाच्या जागी दाभण खोचलेलं. आम्ही पळायचो ते अंगणाला कनात, म्हणजे कापडाचा आडोसा बांधून, आणि कनातीला बाहेरच्या टवाळांनी भोकं पाडलेली. भोकात डोळा दिसला की बाई दाभण उपसून शांतपणे म्हणायच्या, "डोळा काढ बाबा. मला टाका घालायचा हाय."

मी भित्री. पळायची वेळ आली की रांगेत मागं सरकायचे. "भ्या वाटतंय व्हय?" बाई म्हणायच्या, "वाटू दे. त्यालाबी संगं पळीव."

भ्यायला कारण होतं. मला वाढवणाऱ्या काकांनी बजावलं होतं, "पळताना कुनाच्या नजरंला पडलीस, तर शाळा बंद." तशीही शाळा चौथीपर्यंतच, पुढे लग्न. अशात हैदराबादेहून तपासणीला मोठ्या बाई आल्या. तिथल्या वसतिगृहात लहान मुलींची कवायत घ्यायला त्यांना एक मुलगी हवी होती. शर्यत बघून निवडणार होत्या.

आम्ही निम्म्यावर आलो आणि वावटळ उठली. रस्त्याकडची कनात खुंट्यांसकट आडवी झाली. पलीकडे बाजाराला निघालेली माणसं, त्यात काका. मी तिथंच थांबले.

बाईंनी कनातीचं एक टोक उचललं, दुसरं मदरशाच्या आयाच्या, सकीनाबीच्या हातात कोंबलं, आणि दोघी थोराड बायका रस्त्याच्या अंगानं धावत सुटल्या. मधे ताणलेली कनात. बाईंचा अंबाडा सुटला, सकीनाबीची चप्पल मागं राहिली.

"कावून थांबलीस गं? तू पळ. कापडाचं मी बघते."

मी पळाले. कापड धापा टाकत माझ्या जोडीनं आलं.

काका फाटकाशी आले. "आमची पोरगी पळत व्हती का?"

"तुमाला काय दिसलं?" गोदाबाईंनी विचारलं.

"कापड."

"मग कापडच पळालं असंल."

मोठ्या बाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. त्यांनी मलाच निवडलं आणि काकांशी बोलणंही त्यांनीच केलं. सरकारी बाईपुढे काकांना नाही म्हणवलं नाही.

रोज कवायत संपली की गोदाबाई विचारायच्या, "दुसरं टोक कोन धरतंय?" एकीला थांबवून कनातीची घडी घालायच्या, नापसंत करून पुन्हा उलगडायच्या. सकीनाबी एका झटक्यात घडी घालायची, म्हणून तिची मदत मात्र नको. आम्ही मागं हसायचो. निघायच्या आदल्या संध्याकाळी मीच थांबले. घडी कितीदा मोडली कोण जाणे. अंधारून आलं तशी मी म्हणाले, "बाई, तुमाला घरी जायचं न्हाई का?"

"जायचंय की. पर चूल काय बोलती व्हय माझ्याशी?" आणि पुन्हा घडी मोडली.

काकांची हाक आली. माझ्या हातचं टोक त्यांनी खाली टेकू दिलं नाही. दोन्ही टोकं छातीशी धरून उभ्या राहिल्या.

इथं हैदराबादेत मला अजून भ्या वाटतं. निजताना कडी पुन्हा पुन्हा बघते. पण एक दिवस स्वतःची खोली घेईन आणि बाईंना आणीन. इथल्या अंगणाला भिंत आहे, कनात लागत नाही. तरी एक घेऊन ठेवीन. त्यांनी हवी तेवढी उलगडावी. दुसरं टोक मी धरीन.