खैरनार गुरुजींचा न संपणारा इतिहास

आमच्या शाळेच्या चौथीत महाराज कधी वारलेच नाहीत.

चौथीचा इतिहास म्हणजे महाराजांचा इतिहास, हे मराठी शाळेत गेलेल्या कुणाला सांगायला नको. जूनमध्ये पुस्तक उघडलं की शिवनेरी आणि उन्हं तापायला लागली की रायगड. सगळ्या महाराष्ट्रात हा प्रवास एका वर्षात उरकतो. खैरनार गुरुजींच्या वर्गात मात्र राज्याभिषेक झाला, दक्षिणेची मोहीम झाली, की गाडी तिथेच थांबायची. पुढचा धडा ते घेतच नसत. मुलं पास होऊन हायस्कुलात जात आणि महाराज आपले रायगडावर सुखरूप.

मी त्या शाळेची मुख्याध्यापिका होते. पंचवटीतली नगरपालिकेची शाळा, पहिली ते चौथी, वर्ग चार, नळ दोन, त्यातला एक चालू. मला भावनेपेक्षा वेळापत्रक जास्त कळतं, असं माझ्या मागे शिक्षक म्हणत. ते खरं आहे. वेळापत्रक निदान भिंतीवर लावता येतं.

खैरनार गुरुजी सटाण्याकडचे. पन्नाशी उलटलेली, पांढरा लेंगा-सदरा, टोपी आणि खिशात कायम दोन खडू, एक लाल, एक पांढरा. एरवी शुद्ध बोलत. आनंद झाला किंवा राग आला की अहिराणी बाहेर पडे. सकाळी वर्गाच्या उंबऱ्यावर उभे राहून ते विचारत, "गडावर बठ्ठं ठीक शे ना?" आणि वर्गातली चाळीस मुलं ओरडत, "शे, गुरुजी!" ही आरोळी माझ्या ऑफिसात घड्याळाच्या आधी पोचायची.

कारण चौथीचा वर्ग हा वर्ग नव्हताच, तो गड होता. खिडक्या म्हणजे बुरूज. मॉनिटर म्हणजे किल्लेदार. शाळेत मुलांना खायला सुकडी मिळे, तिचं पोतं आलं की "रसद आली." पाण्याच्या माठावर दोन पहारेकरी. उशिरा येणाऱ्याला पुढच्या दारानं प्रवेश नाही. मागच्या बारक्या दारानं वाकून यायचं, आणि ते दार एवढं लहान की शिक्षा वेगळी करावी लागत नसे. माझ्या सूचनांची वही फिरायला गेली की ते ती दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि मुलांना सांगत, "खलिता आलाय." मी बहुतेक वेळा संडास स्वच्छ ठेवण्याबद्दल लिहिलेलं असे.

गणितातसुद्धा आंबे, पेरू असलं काही नाही. "एका पागेत चोवीस घोडे, रोज प्रत्येकाला सहा शेर चंदी, तर पाच दिवसांना किती?" यावर एकदा सुनंदा उभी राहिली. ही त्या वर्षीची किल्लेदार. बाप टांगेवाला, त्यामुळे घोड्याच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा.

"गुरुजी, सहा शेर नाय खात. पोट फुगून मरंल."

"मग किती देऊ?"

"तीन द्या. बाकीचं गवत."

गुरुजींनी फळा पुसला आणि उदाहरण बदललं. पुढे दोन दिवस मी दिसेन तिथे ते मला सांगत होते, "बाई, माझं घोडदळ वाचलं."

दिवाळीत मुलं किल्ले करतात, ते आठवडाभरात मोडतात. गुरुजींचा किल्ला मैदानाच्या कोपऱ्यात एप्रिलपर्यंत उभा असे. हळीव पेरायचं, ते उगवायचं, वाळायचं, पुन्हा पेरायचं. मी दोनदा त्यात पाय मुरगळून घेतला. "गुरुजी, दिवाळी संपली," मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "दिवाळी संपली, बाई. गड कुठं पडलाय?"

सहलीचंही तसंच. बाकीचे वर्ग सोमेश्वरला नाहीतर पांडवलेण्यांना जात, भेळ खात, परत येत. चौथी पेठ रस्त्यानं रामशेजच्या किल्ल्यावर. मूठभर मावळ्यांनी बादशाही फौजेला तिथे किती झुंजवलं, हे गुरुजी असं सांगत की मुलं डबा उघडायची विसरत. ही झुंज महाराजांच्या पश्चात झाली, एवढी एक बारीकशी गोष्ट ते सांगत नसत. कुणी विचारलं, "गुरुजी, तेव्हा महाराज कुठं होते?" तर म्हणत, "कामात होते."

लग्न केलेलं नव्हतं. मोदकेश्वराच्या बाजूला एक खोली, दोन वेळा खानावळ. लग्नाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: "मोहिमेवर होतो, राहून गेलं." मे महिन्याच्या सुट्टीत शिक्षक गावी जात. हे मात्र आठवड्यातून तीनदा शाळेत येऊन नकाशे झटकत. नकाशांवर एवढी धूळ कुठून येते, हे मी कधी विचारलं नाही.

फेब्रुवारी लागला की गुरुजींचा वेग अचानक कमी होई. "पन्हाळ्याचं नीट झालं नाही, पुन्हा घेऊ." मग पन्हाळा पुन्हा. मग आग्रा पुन्हा, पेटाऱ्यांसकट. इतिहासात पन्हाळ्याचा वेढा काही महिनेच चालला. आमच्या शाळेत तो उठायचं नाव घेत नसे.

हे चाललं असतं. वार्षिक परीक्षेचा पेपर तेच काढत, त्यात त्या धड्यावर प्रश्न नसे, आणि पालकांपैकी कुणाची तक्रार नव्हती. पण सुनंदा चौथीत यायच्या आदल्या वर्षी तपासणीला नवे साहेब आले. त्यांनी गुरुजींची टाचणवही, म्हणजे रोज काय शिकवलं त्याची नोंद, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. असं करणारा माणूस मी नोकरीत पहिल्यांदा पाहिला. शेरा लिहिला: इतिहासाचा अभ्यासक्रम अपूर्ण. आणि जाताना मला तोंडी सांगितलं, "पुढच्या वर्षीही असंच दिसलं तर यांची चौथी काढा. पहिलीला घाला."

वर्ष फिरलं, फेब्रुवारी आला आणि चौथीत पन्हाळा पुन्हा सुरू झाला. मी गुरुजींना ऑफिसात बोलावलं.

"गुरुजी, टाचणवहीत महाराजांच्या निधनाचा धडा नाही."

"दक्षिणेची मोहीम मोठी आहे, बाई. घाईनं आटोपण्यासारखी नाही."

"मागच्या वर्षीही मोठीच होती. हे बघा, यंदा धडा झाला नाही तर जूनपासून तुम्ही पहिलीला. चौथी आहेर बाईंकडे."

ते खुर्चीत बसले. माझ्यासमोर ते सहसा बसत नसत.

"पहिलीला इतिहास नसतो," ते म्हणाले.

"नसतो. म्हणून तर सांगतेय."

बराच वेळ ते टेबलावरच्या काचेखालची सुट्ट्यांची यादी वाचत राहिले. मग म्हणाले, "बाई, तो धडा झाला की पोरं जातात."

"पोरं धड्यामुळे जात नाहीत, गुरुजी. पास झाल्यामुळे जातात."

यावर ते गंभीरपणे विचार करू लागले, तेव्हा नापास करता येणार नाही, हेही मी लगेच सांगून टाकलं.

"एकदा घेतला होता," ते म्हणाले. "सहा-सात वर्षं झाली. निम्मा झाला."

"मग?"

"मग तास संपला."

तास संपला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी पुढे विचारलं नाही. आठ दिवसांची मुदत दिली. "नाहीतर मी येऊन शिकवते. पस्तीस मिनिटांचं काम आहे."

"नको, बाई," ते उठत म्हणाले. "गड माझा आहे. मीच बघतो."

आठ दिवसांत त्यांनी आग्रा तिसऱ्यांदा घेतला. आणि नवव्या दिवशी मी वर्गावर जायच्या आत साहेबच दारात उभे.

चौथीत मी त्यांच्याबरोबर गेले. साहेबांनी टाचणवही चाळली, शेवटचं पान पाहिलं, माझ्यावर एक नजर टाकली आणि प्रश्न सुरू केले. प्रतापगड विचारला, चाळीस हात वर. पुरंदर, चाळीस हात. पन्हाळ्याबद्दल तर मुलं इतकं सांगू लागली की साहेबांना हात करून थांबवावं लागलं. मग ते म्हणाले, "छान. आता सांगा, महाराजांचं निधन कुठे झालं?"

एकही हात वर नाही.

मुलं साहेबांकडे बघत नव्हती, फळ्याकडेही नव्हती. सगळी गुरुजींकडे बघत होती. गुरुजी खिडकीबाहेर. साहेबांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. झालं, मी मनात म्हटलं, जूनचं वेळापत्रक नव्यानं करायला हवं.

तेवढ्यात सुनंदा उभी राहिली.

"साहेब, सांगते. पण आधी गुरुजींना भाईर पाठवा."

"का? गुरुजी खुणा करतील म्हणून?"

"नाय, साहेब. त्यांना तरास होतो."

मागून एक मुलगा म्हणाला, "माझ्या दादाच्या वर्गात लय रडले होते..." आणि "आई गं!" असं ओरडला, कारण शेजारच्यानं त्याला चिमटा काढला होता.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळ्यावरची तारीख वाचत होते. गुरुजींनी टोपी सारखी केली आणि कुणी काही म्हणायच्या आत, उशिरा येणाऱ्यांच्या त्या बारक्या दारानं, वाकून बाहेर गेले. सुनंदानं जाऊन दार लावून घेतलं. कडीही घातली.

मग मुलांनी सांगितलं. रायगड सांगितला, आजार सांगितला, रयतेला काय वाटलं ते सांगितलं. पुस्तकात होतं तेवढं सगळं, पण इतक्या हळू आवाजात की ऐकायला मला पुढे सरकावं लागलं. आवाज दाराबाहेर जाऊ नये म्हणून चाळीस मुलं कुजबुजत होती. साहेबांनीही पुढचा प्रश्न हळूच विचारला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणीच नाय," सुनंदा म्हणाली. "माझं पुस्तक ताईचं हाय. तिनं जूनमधीच सांगितलं, हा धडा घरी वाचायचा. गुरुजींसमोर नाव काढायचं नाय."

"मला माझ्या दादानं सांगितलं," एक जण म्हणाला. "मला शेजारच्या मंगलनं," दुसरी. असे सात-आठ निघाले. मी त्या शाळेत अकरा वर्षं होते. कुठल्या वर्गात काय चालतं हे मला कळतं, अशी माझी समजूत होती.

साहेबांनी लिहिलं: इतिहासाची तयारी उत्तम. मग जरा थांबून मला म्हणाले, "पण टाचण कोरं आहे, बाई. कोऱ्या पानावर मी सही कशी करू? शनिवारी वही मागवून घेतो. तोवर धडा झालेला दिसला, तर चौथी यांच्याकडेच राहू द्या."

गुरुजी चालू नळापाशी होते. माठावरचा पेला धूत होते; तो स्वच्छच होता.

"सांगितलं पोरांनी?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"बठ्ठास्नी?"

"सगळ्यांनी. जूनपासून ठाऊक आहे त्यांना. आणि ह्यांच्या आधीच्यांनाही होतं."

त्यांनी नळ बंद केला. पेला उपडा करून झटकला.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "आणि एकही फितूर झालं नाही."

मी शनिवारचं सांगितलं. शुक्रवारचा शेवटचा तास घ्या, असंही सांगितलं. ते पेला माठावर ठेवून वर्गावर गेले.

शुक्रवारी शेवटच्या तासाला मी ऑफिसात पगारपत्रकं घेऊन बसले. चौथीतून काही ऐकू येत नव्हतं. घंटा झाली, तीन वर्ग धडाधड सुटले, मैदान भरलं आणि रिकामं झालं. चौथी आली नाही. मी व्हरांड्यातून चालत गेले आणि खिडकीशी उभी राहिले.

गुरुजी पुस्तक हातात धरून वाचत होते. एरवी ते कधी पुस्तकात बघून शिकवत नसत. एक-दोन वाक्यं वाचली की त्यांचा आवाज थांबे. थांबला की पुढचं वाक्य सुनंदा वाचे, नाहीतर दुसरं कुणी. मग गुरुजी तिथून पुढे घेत. पुन्हा थांबत. पुन्हा एखादं मूल उचलून धरी. कुणाची घाई नव्हती. धडा दोन पानांचा होता आणि ते पहिल्या पानाच्या तळाशी होते.

मी परत फिरले तर शिपाई कुलूप घेऊन समोर उभा.

"बाई, शाळा सुटून पंधरा मिनिटं झाली. चौथीला सांगू का?"

"तू आधी चहा पिऊन ये," मी म्हटलं.

"आत्ताच प्यायलो, बाई."

"मग अजून एक पी."