बसण्याविरुद्ध व्याख्यानमाला

“अहो, खाली बसा! मागच्यांना दिसत नाहीये!”

“बसू नका, असंच सांगतायत ना स्टेजवरून?” मी म्हणालो.

“मग ते ऐकायला तरी बसाल की नाही?” मागच्या रांगेतले आजोबा म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. शेवटी स्टेजवरून माझा सख्खा मामा ओरडला, “अरे गाढवा, बस ना!”

मी बाहेर गेलो. दार जोरात आपटलं (वाऱ्याने).

पुण्यात माणसाची योग्यता तो एका जागी किती वेळ बसू शकतो यावर ठरते. बसतो तो अभ्यासू, उठतच नाही तो विद्वान आणि बसल्या जागी झोपतो तो अध्यक्ष. माझ्या प्रगतिपुस्तकात ‘बैठक नाही’ असा शेरा दरवर्षी असायचा. नववीनंतर शाळेने आणि मी एकमेकांना मोकळं केलं.

यज्ञेश्वर मामा मात्र बैठकीचा माणूस. राहणार सदाशिव पेठ. बाबा गेल्यापासून मला आणि हेमाताईला त्यानेच वाढवलं. बँकेतली अख्खी नोकरी त्याने एकाच खुर्चीत केली. रिटायर झाला तेव्हा खुर्ची बँकेत राहिली, आकार तेवढा मामा घरी घेऊन आला. उभा राहिला तरी अर्धा बसलेलाच. मंडईत लोक विचारतात, “काका, काही पडलंय का?” दोघंतिघं शोधायलाही लागतात. (पुणेकर मदत करत नाहीत हा आरोप साफ खोटा आहे.)

हे असंच चाललं असतं, पण ताईचं लग्न ठरलं. लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत मामाने नवरीच्या मागे उभं राहायचं असतं. आमच्याकडे मंगलाष्टकं संपत नाहीत. प्रत्येक आत्या, प्रत्येक मावशी स्वतः रचून आणते आणि एखादीचं कडवं कापलं तर तिच्या नातवंडांपर्यंत अबोला चालतो.

“एकच दिवस सरळ उभं राहायचंय मला,” मामा पद्मजामामीला म्हणत होता. “तिच्या बापाच्या जागी उभा असेन. काहीतरी मागायला आल्यासारखा नको दिसायला.”

यावर मी विनोद करणार नाही.

मामी त्याला डॉक्टर मंदाकिनीबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तपासलं. म्हणाल्या, पाठीला काही झालेलं नाही. बसून बसून जांघेतले स्नायू आखडलेत, ते तुम्हाला पुढे ओढतायत. एक गुडघा जमिनीवर टेकवा, दुसरा पाय पुढे ठेवा, पाठीला बाक न देता कंबर हळूच पुढे न्या, थोडं थांबा. मग दुसरी बाजू. रोज करायचं. आणि खुर्चीतून मधूनमधून उठायचं. बाकी काही नाही.

“बाकी काही नाही?” मामा घरी येऊन चिडला. “इतक्या सोप्या गोष्टीने माणूस बरा होतो का कधी? आधी विषय समजून घ्यायला हवा.”

विषय समजून घ्यायचा म्हणजे व्याख्यानमाला भरवायची. समिती झाली, मामा सचिव झाला. समितीने आधी सर्वेक्षण केलं. शंभर टक्के लोकांना बसण्याचा त्रास असल्याचं आढळलं (पैकी निम्म्यांना शेजारी बसलेल्याचा). सभागृहात पाट्या लागल्या: ‘कार्यक्रम संपेपर्यंत उठू नये.’ ‘प्रश्न बसूनच विचारावेत.’ ‘पोक काढून बसल्यास होणाऱ्या परिणामांना समिती जबाबदार नाही.’

रोजचा कार्यक्रम असा. दीपप्रज्वलन, वक्त्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय, ‘आदिमानव बसत होता का?’ या विषयावर मुख्य भाषण, मग अध्यक्षीय समारोप आणि आभार. त्यानंतर गुडघा टेकून प्रात्यक्षिक, जे वेळेअभावी रद्द. कार्यक्रम संपला की श्रोते खुर्चीचे हात धरून, कण्हत उठायचे आणि विषय किती गंभीर आहे हे त्यांना स्वतःच्याच कमरेवरून पटायचं. दुसऱ्या दिवशी गर्दी वाढायची.

सचिव म्हणून मामाला सगळ्यांत जास्त बसावं लागलं. तो आणखी वाकला. पण आता शास्त्रशुद्ध.

“मामा, एकदा टेकव ना गुडघा!” मी वैतागून म्हणालो.

“प्रात्यक्षिक आता समारोपाच्या दिवशी घेणार आहोत.”

“समारोप लग्नानंतर आहे!”

“तारखा समितीने ठरवल्यात. मी कोण बदलणारा?”

“मामा, तू वाकलेला असलास तरी मला चालेल रे,” ताई म्हणाली.

“तुला चालेल गं,” मामी म्हणाली, “त्याला चालत नाहीये.”

आज लग्न. कार्यालयाच्या जिन्यात उभ्या उभ्या मी हे मोबाइलवर लिहितोय. अख्खी समिती पहिल्या रांगेत बसलीये. मुहूर्त जवळ आलाय, आत्या घसा साफ करतायत, अंतरपाट धरायला दोघं तयार आहेत आणि मामाचा पत्ता नाही.

तुम्ही हे बसूनच वाचताय, माहितीये मला. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तुम्ही पाठ सरळ केलीत. व्याख्यानमाला सुरू होईपर्यंत परत पोक. गुडघा टेकून बघू असंही मनात आलं असेल. आधी वाचून पूर्ण करू, मग बघू, हो ना? समितीत जागा आहे, मामाला सांगू का?

थांबा, ताई वरून हाका मारतेय. मामा नवरीच्या खोलीत सापडला. दार लावून एक गुडघा टेकलाय त्याने, आयुष्यात पहिल्यांदा.

“सैल पडतंय रे, खरंच पडतंय!” त्याचा आवाज इथपर्यंत येतोय. “पण आता उठता येत नाहीये!”

ताईने भटजींना निरोप पाठवलाय. मामा मागे उभा राहिल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही, मुहूर्त टळला तरी चालेल. एकटीने तो उचलला जात नाहीये, तिचा शालू चुरगळतोय आणि भटजी घड्याळ बघतायत.

मला जायला हवं आता. नाही, तुम्ही नका उठू. मागच्यांना दिसणार नाही.