घोड्याच्या पिक्चरचा एंड

वारंगा फाट्यावरच्या हॉटेलात चहा हाशिम करायचा आणि पिक्चरांचा निकाल त्याचा बाप खाजा मिया लावायचा. गल्ला त्याने केव्हाच मुलाच्या हवाली केला होता, पण टीव्हीचा रिमोट सोडायला म्हातारा काही तयार नव्हता. गिऱ्हाईक बाकावर टेकलं की याची गाडी सुरू.

"आताचे पिक्चर म्हंजे नुसता अंधार! लाईटबिल भरलं न्हाई का यांनी? आन् एंड म्हन्ते पुढच्या साली, दुसऱ्या भागात! आमी अर्धा चहा आज आन् अर्धा पुढच्या साली दिला, तर तुमी कप फेकून मारताल का न्हाई?"

जुन्या पिक्चरांनाही सूट नव्हती. "गोळी लागल्यावर तीन कडवे गातो! तेवढ्यात नांदेडचा दवाखाना गाठला असता की."

त्याच्या लेखी खरा पिक्चर जगात एकच. फाट्यावर त्याला 'घोड्याचा पिक्चर' म्हणत, आणि त्याचा शेवट खाजा मियाच्या तोंडून ऐकला नाही असा ट्रकवाला त्या रस्त्याला सापडणं कठीण. "हिरो मरतो. घोडा एकलाच घरी येतो. आंधळी माय खोगीर चाचपते, तर रिकामं. रडत न्हाई ती. लेकरासाठी झाकून ठेवलेली भाकर घोड्याला चारते. खतम!"

आता गंमत अशी, की हा शेवट खाजा मियाने कधी पाहिलाच नव्हता. तरुणपणी कुरुंद्याला तंबूत पिक्चर बघायला गेला, तर ऐन रंगात वावटळ आली आणि तंबूच उडाला. घरी नवी नवरी खतीजाबी विचारू लागली, "मग पुढं काय झालं?" एवढा शौकीन माणूस 'माहीत नाही' कसं म्हणणार? दिला ठोकून! पुढे हिंगोलीला तिला घेऊन पुन्हा गेला, तर शेवट जवळ आला आणि तिचंच पोट दुखू लागलं. सांगून सांगून तो शेवट आता त्याला स्वतःलाही पाहिल्यासारखा वाटायचा.

त्या दुपारी तोच पिक्चर टीव्हीवर लागला. समोर हिंगोलीची बस उभी होती आणि कंडक्टर सुदाम बशीत चहा ओतत होता. तो सहज बोलून गेला, "चाचा, तुमी सांगता तसा एंड न्हाई याचा. माह्या मामानं पह्यलाय. घोडा एकला येतच न्हाई म्हने."

खाजा मियाची दाढी थरथरली. "काय म्हन्ला? बस खाली! एंड बघितल्याबिगर तुझी बस हालली, तर नावाचा खाजा न्हाई मी!"

सुदामही हट्टाला पेटला. "बघूनच जातो!"

ड्रायव्हर नेमसिंगला भज्यांची दुसरी प्लेट हवीच होती. बसमधून अनुसयाबाई तावातावाने उतरली. "काहून थांबून राहिले रे मेल्यांनो? लेकीकडं जायचंय मला, कळमनुरीला!" तेवढ्यात पडद्यावर आंधळी म्हातारी दिसली. "आगं माय, हिला दिसत न्हाई का?" म्हणत ती बाकावर टेकली. तिच्यामागे सगळी बस उतरली. मध्ये जाहिराती लागल्या, तेव्हा खाजा मियाने उभं राहून सगळ्यांना भाकरीचा शेवट सांगून ठेवला.

रिकामी बस आणि एवढी गर्दी बघून येणाऱ्या गाड्या थांबू लागल्या. अपघात झाला अशी बोंब उठली. पोलीस चौकीतला जमादार धावत आला. "मेलं कोन?"

"अजून कोनी न्हाई," अनुसयाबाई म्हणाली. "एंडला मरते."

जमादारही बसला. आणि लाईट गेली! इन्व्हर्टर कुंईकुंई करू लागला. खाजा मियाने उठून सरळ फ्रिजची वायर उपटली.

"अब्बा, दूध नासंल!" हाशिम ओरडला.

"नासू दे! दूध उद्या भेटंल, एंड न्हाई भेटायचा!"

आला एकदाचा शेवट. व्हिलन ठाकूर रडला, हिरोच्या पाया पडला. हिरो धडधाकट घरी आला. मायची नजर परत आली. वरात निघाली आणि वरातीपुढे, गळ्यात हार घालून, घोडा नाचला.

खाजा मियाचा चेहरा उतरला. उभ्या आयुष्याची पत त्या घोड्याच्या टापांखाली चालली होती.

"बघा!" सुदाम उठला. "काय म्हन्लो होतो म्या?"

अनुसयाबाई भडकली. "असा कुठं एंड असतो व्हय? आन् त्या भाकरीचं काय झालं?"

"कापला असंल टीव्हीवाल्यांनी," जमादार म्हणाला. "आजकाल काय बी कापून राहिले."

"माह्या बापानं तर भाकरीचाच पह्यला होता," नेमसिंगने खुशाल ठोकून दिलं.

"अरे पन..." सुदाम म्हणाला.

"तू घंटी मार बाबा! तुह्यापायी एवढा उशीर झाला!" सगळी बस त्याच्यावर ओरडली. बिचारा खरं बोलून शिव्या खात बसमध्ये चढला.

गर्दी पांगली. लाईट आली. खाजा मिया कढईपाशी बसलेल्या खतीजाबीजवळ जाऊन हळूच म्हणाला, "कापलाच असंल, न्हाई का गं?"

"न्हाई. तसाच हाय. लगनाआधी मावशीसंगं पह्यला म्या."

खाजा मिया बघतच राहिला. "मंग हिंगोलीत तुहं पोट?"

"पोटाला काय धाड भरली होती! तुमाला उठवायचं होतं तिथून."

"आन् एवढे साल बोलली काहून न्हाई?"

तिने भजी उलटली. "त्या एंडात घोडा नाचतो. तुमच्यात घरी येतो."

खाजा मियाने उपरण्याने डोळे पुसले आणि धुराच्या नावाने बोटं मोडली. एवढ्यात एक ट्रकवाला येऊन बाकावर टेकला. "चाचा, कोन्ता पिक्चर लागला होता?"

"घोड्याचा. बस, एंड सांगतो."

खतीजाबीने गॅस बारीक केला. तळणाच्या आवाजात तिला शेवट नीट ऐकू येत नसे.