सगुणाबाईंनी जाळीच्या आखाड्यात पट्टा जिंकिला त्याची हकीकत

श्रीमारुतिरायाचे पायी मस्तक ठेवून, तालमीच्या तांबड्या मातीस वंदन करून, जैसे देखिले आणि देखणारांचे मुखे ऐकिले तैसे लिहितो. पदरचे घातले नाही, गाळिलेही नाही.

शके १९४१, विकारीनाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी दक्षिणेकडील एका राज्यात वस्ताद ज्योत्याजी पोवार म्हणोन बहुत नामांकित मल्ल होते. चाळीस वर्षे कुस्ती केली, परंतु पाठ मातीस लागली नाही, ऐसी ख्याती. त्यांची कन्या सगुणाबाई, वय वर्षे बावीस, बापाचे हाताखाली तयार जाहली आणि पंचक्रोशीत तिजसमोर उभी राहील ऐसी कोणी उरली नाही. मग उत्तरेकडून निमंत्रण आले की, तिकडे आठ कोनांचा जाळीचा आखाडा आहे, तेथे मुठी चालतात, लाथा चालतात, कुस्तीही चालते, आणि गुरलीन म्हणोन अजिंक्यपदाचा कमरपट्टा राखणारी पट्टाधारीण आहे, तिजला आजवर कोणी हरविले नाही. हे ऐकोन वस्ताद हसले आणि बोलले, “पट काढायचा आन् आपटायची. त्यात काय शिकायचं?” मग सगुणाबाई शिदोरी बांधोन गेल्या आणि जाळीत उतरल्या.

तेथे काय जाहले, की घंटा होताच बाई पट काढावयास वाकोन पायांवर झेपावल्या, आणि गुरलीनने गुडघा उचलिला तो हनुवटीवर बसला, आणि बाई उताण्या पडल्या. आता मातीतील रीत ऐसी की, पाठ टेकली म्हणजे कुस्ती संपली. लहानपणापासोनची सवय अंगी मुरलेली. पाठ टेकताच बाईंनी हात सैल सोडिले, जणू पंचांनी शिट्टी दिली. परंतु तेथे काही संपले नव्हते. गुरलीन छातीवर बसली, मुठीमागून मूठ हाणिली, आणि पंच मध्ये पडेतों एक दात पडला. दीड मिनिटात लढाई बुडाली. बाई दात रुमालात बांधोन माघारी आल्या.

मग दात बसवावा म्हणोन दंतवैद्य सोहोनी यांजकडे गेल्या. हे सोहोनी अंगाने काडी, डोळ्यांस जाड भिंगे, बोलणे हळू. त्यांनी ती लढाई फोनवर पाहिली होती. दात बसवता बसवता पुसते जाहले, “पडल्यावर तुम्ही थांबलात का?”

बाई बोलल्या, “पाठ टेकली की.”

“मग? आमच्याकडे पाठ टेकली की खरा डाव सुरू होतो.”

बाईंस अर्थ कळेना. तेव्हा सोहोनींनी दवाखान्याचे माडीवर नेले, तेथे गाद्या अंथरलेल्या होत्या, आणि स्वतः उताणे निजले आणि म्हणाले, “या, दाबा मला.” बाईंनी मनी म्हटले, हा मोडेल बिचारा. परंतु अंगावर जाताच वैद्यांनी दोन पाय मानेभोवती ऐसे आवळिले की बाईंचे डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि गादीवर थाप मारोन सुटका मागावी लागली. जमिनीवरील युद्धाची ही विद्या वैद्यांनी परमुलखी पंधरा वर्षे राहोन आणिली होती. बाई उठल्या, घाम पुसला आणि बोलिल्या, “डॉक्टर, उद्या किती वाजता येऊ?”

हे वर्तमान वस्तादांचे कानी गेले, तेव्हा ते बहुत रागावले. तालमीचे दारात उभे राहोन बोलले, “पाठ टेकायची इद्या शिकतीस? माझ्या पोटची हाईस न्हवं तू? जा, पर मातीत पाय ठेवू नगंस.” बाईंनी उंबऱ्यास हात लाविला, कपाळी नेला आणि चालत्या जाहल्या. ते दिवशी जेवल्या नाहीत. परंतु विद्या सोडिली नाही. आणखी, फौजेतून निवृत्त जाहलेले हवालदार दौलतखान मुल्ला हे मुष्टियुद्धात जुने आणि लाथांचे कामी निष्णात, त्यांची शागिर्दी धरिली. खानसाहेबांनी वर्षभर हात उंच धरावयास शिकविले, लाथ येता नडगी कैसी आडवी घालावी ते शिकविले, आणि वाकोन धावण्याची खोड मोडिली. म्हणत, “बेटी, आधी ठोसा दाखव. तिचे हात वर गेले की मग पायात घूस.”

परंतु माती सुटल्याचे दुःख अंगी उतरले आणि बाईंची मिठी ढिली पडो लागली. हे ओळखोन खानसाहेब स्वतः तालमीत गेले, जोडे काढिले आणि वस्तादांपुढे बसले. बोलले, “हात मी दिले, पाय मी दिले. कंबर माझ्याकडं नाही, वस्ताद. ती तुमच्याच घरात आहे. पोरगी तुमच्यावाचून अर्धी आहे.” वस्तादांनी हौद्यातील माती मुठीत घेतली, चुरडली आणि बोलले, “पाटंला धाडा. पर ते उताणं निजायचं माझ्याम्होरं न्हाई.” खानसाहेबांनी मान्य केले. मग बाई पहाटे मातीत, दुपारी ठोशांत आणि सायंकाळी वैद्यांचे माडीवर, ऐसे दोन वर्षे राबल्या, आणि सहा लढाया ओळीने मारिल्या.

शके १९४४, शुभकृतनाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमीस पट्ट्याची लढाई नेमिली. पाच पाळ्या, पाळीस पाच मिनिटे. वस्ताद पटका बांधोन आले आणि जाळीलगत बसले, एके बाजूस खानसाहेब, दुसरे बाजूस वैद्य. पहिले पाळीत गुरलीनने मांडीवर लाथा टाकिल्या, त्या बाईंनी नडगीवर झेलिल्या, आणि खानसाहेब मांडीवर थाप मारोन बोलले, “शाबास!” दुसरे पाळीत बाईंनी ठोसा दाविला, गुरलीनचे हात वर गेले, आणि बाई वीज पडावी तैशा पायांत शिरल्या आणि तिजला उचलोन आपटिली. तिसरे पाळीत पुन्हा तेच. वस्ताद उभे राहिले, मिशीवर हात गेला. परंतु गुरलीन कच्ची नव्हे. चौथे पाळीत तिने डावा ठोसा ऐसा हाणिला की भुवई फुटोन रक्त डोळ्यांत उतरले आणि बाई उताण्या पडल्या.

तेव्हा गावचे लोक, जे गाड्या करोन आले होते, एकच ओरडले, “चीत! चीत झाली!” कित्येक उठोन दाराकडे चालो लागले. वस्तादांनी पटक्याचा शेव डोळ्यांवर घेतला. गुरलीन झेप घालोन वर आली आणि मूठ उगारिली. परंतु बाई या खेपेस थांबल्या नाहीत. येती मूठ मनगटी धरिली, कंबर वळविली, एक पाय मानेवर टाकिला, दुसरा त्यात गुंतविला आणि आवळिले. वैद्य, जे जन्मात मोठ्याने बोलले नव्हते, ते बाकावर चढोन ओरडले, “गुडघा खाली ओढा! ओढा!” बाईंनी ओढिला. गुरलीनने तिजला अधांतरी उचलिली, पुन्हा आपटिली, तरी फास सुटला नाही. मग गुरलीनचा हात वर आला आणि बाईंचे मांडीवर तीन थापा पडल्या.

क्षणभर कोणास उमज पडेना. मग पंचांनी लढाई संपल्याचा हात केला आणि तो जयघोष उठला की पत्रे हालले. खानसाहेब वस्तादांस हालवोन बोलले, “डोळे उघडा, जिंकली!” वस्तादांनी पाहिले तो गुरलीन उठोन स्वतः बाईंचा हात उंच धरीत होती. पट्टा कमरेस बांधिला, गुलाल उधळला. तों दाराकडोन परतलेला एक गावकरी पुसता जाहला, “वस्ताद, ही तर चीत झाली होती की! असली ही कसली जीत? डाव कुणाचा म्हणायचा ह्यो?”

वैद्य शेजारीच उभे, भिंगे पुशीत. वस्तादांनी छाती काढिली आणि चार लोकांत ऐकू जाईल ऐसे बोलले, “कुणाचा म्हंजे? आमच्या घरचा.” वैद्य हसले आणि पुसलेली भिंगे डोळ्यांवर चढविली.

येणेप्रमाणे तीन वस्तादांनी मिळोन एक शिष्या घडविली, आणि तिने तिघांचेही नाव राखिले. पट्टा पुढे दोन वेळ लढोन रक्षिला. लढाई फत्ते, राज्य आनंदात. इति.