पेंटरचे पाठमोरे रोबोट

शामराव पेंटरांच्या दुकानात भिंतीवर बावीस रोबोट आहेत, आणि बावीसच्या बावीस भिंतीकडे तोंड करून. आलेल्याला दिसते ती त्यांची पाठ, म्हणजे रंगाचे ओबडधोबड थर. "उलटे लागलेत की हो," असं कुणी म्हटलं की तो संपला. शामराव त्याला हाताला धरून पहिल्या फ्रेमपासून फिरवतात. "म्होरनं कोन बी बघतंय. मागनं बघा, मागनं!"

साताऱ्यात आमची दुकानं समोरासमोर. माझं औषधांचं, त्यांचं बोर्ड रंगवायचं. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्याकडे गिऱ्हाईक कमी आणि रोबोट जास्त.

जुन्या जपानी कार्टूनमधलं प्रत्येक चित्र आधी पारदर्शक फिल्मवर हाताने काढायचे. रेघा पुढून, रंग मागून. त्या मूळ फिल्मला सेल म्हणतात. हे ज्ञान मी मागितलं नव्हतं. शिरवळच्या एका कारखान्यातल्या जपानी साहेबासाठी शामरावांनी काचेची पाटी केली. काचेवरची अक्षरंही मागूनच, उलटी रंगवतात. ते बघून साहेब खुर्चीतून उठला आणि सुट्टीवरून येताना त्याने रोबोटचा एक सेल आणून दिला. तिथून हे सुरू झालं.

आता शामराव मोबाइलवर जपानी लिलावात बोली लावतात. तिकडे लिलाव संपतो तेव्हा इकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. त्या वेळी कुणीही येवो, हात वर: "थांबा रं, जपानात रात झाली!" सेलला दमट हवा सोसत नाही, म्हणून माझ्या गोळ्यांच्या डब्यांतल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या ते हक्काने उचलतात. मी कुरकुर केली तर म्हणतात, "मानसाला डागदर हाय. चित्र आजारी पडलं तर कुनाकडं न्हेऊ?"

मागून बघायचं हे वेड चित्रापुरतं राहिलं असतं तर बरं होतं. गणपतीत मूर्तीच्या मागे शिरले, तर मंडळाच्या पोरांनी चोर म्हणून धरलं. माझ्या पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो, तर हे चहा सोडून थेट मोरीपर्यंत जाऊन आले आणि माझ्या कानात म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. भांडी घासतंय." लग्न झालं. उत्तम चाललंय.

एकदा दुपारी त्यांनी मला एक नवा सेल दाखवला. "ह्यो निळा बघ. कडंला भाईर गेलाय. बाई घाईत हुती. घरी पोर रडत आसंल."

"बाईच कशावरून?"

"साहेब म्हनला, रंग भरनाऱ्या जास्त करून बायकाच. आन् नाव कुठंच न्हाई."

शामरावांच्या बोर्डांवरही रेघ त्यांची आणि रंग भरायच्या इंदूवहिनी. तीस वर्षं. वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात सही मात्र एकच, 'शाम'.

पुढच्या आठवड्यापासून ते स्वतःचे जुने काचेचे बोर्ड शोधत फिरू लागले. कराड, पलूस, सांगली, सगळं एसटीने. दोन दिवस काच द्या, परत आणून लावतो, एवढंच म्हणायचे. जपानी पुरेनात म्हणून आता स्वतःचेच जमवतोय, असा बोभाटा झाला. त्यात मीही तेल ओतलं. पलूसच्या कापडवाल्याने हाकललं, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने हे पुन्हा त्याच्या दारात. चौथ्या खेपेला त्याने काच दिली.

मग माझी पाळी आली. मी दिव्यांचा नवा बोर्ड आणून ठेवला होता आणि त्यांनी रंगवलेली जुनी काच भंगारात जाणार होती.

"न्या की, कायमची न्या," मी उदार झालो.

"कायमची नगं. परत दारावर लावनार आसशील तरच हात लावतो. आठ झाले. तुजा नववा."

"अहो, नवा बोर्ड आणलाय मी."

"आसू दे." ते माझ्या पायरीवर बसले. उठेनात. साडेसहाला मोबाइल खिशात वाजत राहिला, लिलाव हातचा गेला, तरी उठले नाहीत. शेवटी मीच म्हणालो, "लावतो बाबा, लावतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे डोकावलो. काच पालथी टाकून ते ब्लेडने कोपऱ्यातलं 'शाम' खरवडत होते.

"शामराव, दोन नावांना जागा आहे की."

"तिनं एकदा इचारलं हुतं, खाली बारीक माजं बी नाव घालू का म्हून. म्या म्हनलं, बायकांची नावं न्हाई घालत बोर्डावर." ब्लेड थांबलं नाही. "माजं तीस वर्सं वाचलं लोकांनी. लय झालं."

या माणसाची मी गावभर टिंगल केली होती. माझी मलाच लाज वाटली.

परवा काच पुन्हा दारावर चढली. नवा बोर्ड माळ्यावर आहे. मी शिडीवरून उतरलो तेवढ्यात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला एक पेन्शनर फौजी आले. चष्मा वर करून त्यांनी कोपरा वाचला.

"ह्ये इंदू कोन रं?"

शामराव शिडी धरून उभे होते.

"पेंटर," मी सांगितलं.